लघवी लाल झाली तर भिऊ नका, भूक मेली तर फोन लावा

टीबीच्या गोळ्या ज्यांच्या घरात चालू झाल्यात किंवा व्हायच्यात त्यांच्यासाठी लिहायलोय. मी डॉक्टर नाही. माजलगावच्या बाजूला माझं कृषी सेवा केंद्र आहे, बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं विकतो. पण पाऊण वर्षाच्या वर या गोळ्या खाल्ल्या, मधीच लिव्हर बिघडलं म्हणून सगळ्या बंद झाल्या, मग एकेक करून परत चालू केल्या, आन् अंगात साखर आधीपासूनच, त्यामुळं त्याचा गोंधळ वेगळाच. कोणत्या गोळीनं काय होतं हे आता मला तोंडपाठ आहे.

आजार कसा सापडला ते थोडक्यात सांगतो. खोकला फारसा नव्हताच, त्यामुळं टीबी कुणाच्या डोक्यातच आला नाही. दिवस कलला की बारीक ताप, उजव्या बरगडीखाली श्वास घेतला की कळ, आन् वजन उतरलेलं, ते आम्ही साखरेच्या खात्यावर टाकलं होतं. एक्सरेत उजवीकडं खाली पांढरं दिसलं. सुईनं छातीतलं पाणी काढलं, पिवळसर निघालं, त्यात टीबीचा अंदाज घ्यायची एडीए नावाची तपासणी असते ती लई वाढलेली आली. थुंकीत काही सापडलं नाही, म्हणजे माझ्यापासून लेकरांना लागण व्हायची भीती कमी, हे ऐकून माझी माय पहिल्यांदा नीट जेवली. तरी घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घेतलीच.

सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळतात, नाव निक्षयवर (सरकारच्या टीबी नोंदणीवर) चढतं, खात्यावर पोषणाचे पैसे येतात (आधी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले). गोळी एकच दिसते पण तिच्यात चार औषधं असतात. आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४००, इथॅम्ब्युटॉल २७५ मिलीग्रॅम. किती गोळ्या ते वजनावर ठरतं. मी ५६ किलोचा, मला चार, चारही एकदमच, सकाळी उपाशीपोटी. एकरी डोस काढायची सवय असल्यामुळं मी लगेच हिशोब केला, पायराझिनामाइड दिवसाला १६०० मिलीग्रॅम, किलोमागं २८-२९. हा आकडा पुढं कामाला आला. पहिले दोन महिने चार औषधं, मग पायराझिनामाइड कमी करून तीन औषधं चार महिने, असा सहा महिन्यांचा साधा कोर्स. सोबत बी-सिक्सची एक बारकी गोळी, ती लोक हमखास टाळतात, तिचं खाली सांगतो.

पहिल्याच दिवशी लघवी नारंगी-लाल. मला सरकारी टीबी सुपरवायझरनं आधीच सांगितलं होतं म्हणून मी निवांत होतो, पण मायनं कुठूनतरी ऐकलं आन् "रक्त पडायलंय पोराचं" म्हणून सगळा वाडा जमा केला. हे रिफाम्पिसिनचं काम. औषधाचा स्वतःचाच रंग विटकरी आहे, तो लघवीतून, घामातून, डोळ्यातल्या पाण्यातून बाहेर पडतो. माझ्या पांढऱ्या बनियनच्या काखा पिवळ्या-नारंगी झाल्या त्या आजतागायत निघाल्या नाहीत. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांच्या लेन्सपण रंगतात म्हणे. त्यानं इजा काहीच नाही. सुपरवायझर तर हसून म्हणला, "भाऊ, लघवी लाल नाही दिसली तरच मी भिईन, म्हणजे तुम्ही गोळ्या खाल्ल्याच नाहीत." सकाळी गोळी घेतली की काही तासांत रंग चढतो आन् संध्याकाळपर्यंत फिका पडत जातो. हे संध्याकाळचं फिकं पडणं ध्यानात ठेवा.

उपाशीपोटी कामून, तर जेवणासोबत घेतलं की रिफाम्पिसिन आन् आयसोनियाझिड रक्तात कमी उतरतं. पण चार जाडजूड गोळ्या रिकाम्या पोटी म्हणजे पहिला पंधरवडा मळमळ ठरलेली. मळमळ झाली म्हणून लोक मेडिकलवरून ॲसिडिटीचं पांढरं औषध आणून त्यावरच ओततात, तर त्यातल्या ॲल्युमिनियममुळं आयसोनियाझिड नीट शोषत नाही. घ्यायचंच असलं तर मधी अंतर पाहिजे. मला डॉक्टर मॅडमनी अगदीच सहन होत नसलं तर थोडंसं खाऊन घ्या पण चुकवू नका असं सांगितलं होतं, तेवढ्यावर निभावलं.

दुसरा त्रास सांध्यांचा. तीनेक आठवड्यांनी घोटे आन् गुडघे असे धरले की शटर वर करायला पोरगा बोलवावा लागायचा. हे पायराझिनामाइडचं. ते किडनीतून युरिक ॲसिड बाहेर जाऊ देत नाही, मग युरिक ॲसिड साठतं. रक्तातला आकडा ही गोळी खाणाऱ्या बहुतेकांचा वाढतो, दुखतं काहींनाच. साध्या दुखण्याच्या गोळीवर भागतं आन् दोन महिन्यांनी ते औषध थांबलं की आपोआप जातं. आमच्या गल्लीतल्या एकानं या दुखण्यापायी सगळ्याच गोळ्या सोडल्या होत्या, त्याला पुढं परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

इथॅम्ब्युटॉलचा डोळ्यावर डोळा असतो. नजरेच्या नसेला सूज येऊ शकते, आन् पहिली खूण म्हणजे लाल-हिरव्या रंगातला फरक कमी होणं. डोस जास्त झाला किंवा किडनी कमजोर असली तर धोका वाढतो. मला सांगितलं होतं की पेपर वाचताना अक्षर पुसट वाटलं किंवा रंग फिके वाटले तर वाट बघू नका, लगेच सांगा. माझ्या दुकानात याची सोय आयतीच. फवारणीच्या प्रत्येक डब्यावर विषाचा तिरका चौकोन छापलेला असतो, सगळ्यात जहाल त्याला लाल, मग पिवळा, मग निळा, सगळ्यात सौम्य त्याला हिरवा. रोज सकाळी दुकान उघडलं की समोरच्या मांडणीकडं आधी उजवा डोळा झाकून बघायचं, मग डावा झाकून. एकेकच डोळ्यानं बघायचं, कारण दोन्ही उघडे असले की चांगला डोळा खराब डोळ्याला झाकून घेतो. गिऱ्हाईक म्हणायचं, मालक काय नेम धरायलेत का काय. मला काही झालं नाही, पण ज्यांना होतं त्यांचं लवकर पकडलं तर बहुतेक वेळा नजर परत येते, म्हणून हा उद्योग सोडला नाही.

बी-सिक्सचं असं की आयसोनियाझिड शरीरातलं बी-सिक्स जीवनसत्व निकामी करतं, मग तळपायाची आग, मुंग्या. साखरवाल्यांच्या नसा आधीच नाजूक, त्यांना तर ती बारकी गोळी पाहिजेच. दुसरं म्हणजे आयसोनियाझिड फोडायची लिव्हरची चाल माणसागणिक वेगळी, काहींची जलद, काहींची संथ, आन् ते जन्मजात असतं. आपल्याकडं संथवाले भरपूर. त्यामुळं शेजाऱ्याला त्याच डोसमधे काही झालं नाही म्हणून मला होणार नाही, हा हिशोब लागू पडत नाही.

थोडं अवांतर. आमच्या दुकानात कित्येक वर्षं एक सहा ग्रॅमची पुडी हातोहात जायची, कपाशीवरच्या आन् डाळिंबावरच्या जिवाणू करप्याला, तिच्यात बहुतेक माल स्ट्रेप्टोमायसिनच. टीबीवर चाललेलं पहिलं जोरदार औषध हेच, १९४३ ला अमेरिकेत वाक्समन नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत मातीतल्या जिवाणूतून काढलेलं. रिफाम्पिसिनचं मूळसुद्धा मातीतच, फ्रान्समधून आणलेल्या मातीतल्या जिवाणूतून मिलानच्या प्रयोगशाळेत १९५७ ला पहिलं रिफामायसिन निघालं. आयसोनियाझिड तर १९१२ लाच बनवून ठेवलं होतं, ते टीबीवर चालतं हे कळायला १९५२ उजाडलं. माझ्या चुलत्याला टीबी झाला तेव्हा सुया टोचून टोचून त्यांची कंबर दगड झाली होती, वर्षाच्या वर चाललं ते. आता सहा महिन्यांवर आलंय ते रिफाम्पिसिन आन् पायराझिनामाइड या दोघांमुळं. एक सगळ्या टप्प्यांवर मारतं, दुसरं आंबट जागी दडून बसलेल्या सुस्त जंतूंना गाठतं. हे कळल्यावर त्या सांधेदुखीचा राग जरा कमी झाला.

आता साखर. मी आधीपासून मेटफॉर्मिन आन् ग्लिमेपिराइड १ मिलीग्रॅम घेत होतो, जेवणाआधीची साखर १२०-१३० असायची. टीबीच्या गोळ्या चालू झाल्यावर महिनाभरात ती अडीचशेच्या पुढं. बायको म्हणली चोरून खाताय. खात नव्हतो हो. मॅडमनी समजावलं की इन्फेक्शननं साखर वाढतेच, पण दुसरं कारण रिफाम्पिसिन. हे लिव्हरमधल्या औषधं फोडणाऱ्या एन्झाइमांची संख्याच वाढवतं. ती वाढीव फौज मग समोर येईल ते फोडत सुटते, ग्लिमेपिराइड काम करायच्या आधीच संपतं. मेटफॉर्मिनला फारसा फरक पडत नाही कारण ते लिव्हरमधे फुटतच नाही, किडनीतून जसंच्या तसं बाहेर जातं. मला हे एका झटक्यात कळलं कारण आमचा धंदाच तो, शेतकरी एका पंपात चार औषधं ओततो आन् मग विचारतो रिझल्ट कामून आला नाही, प्रत्येक औषध आपापल्या जागी बरोबर असतं पण एकानं दुसऱ्याला मारलेलं असतं.

ही यादी लांबलचक आहे. रक्त पातळ करायची वॉरफरिन, स्टेरॉइड, फिटच्या काही गोळ्या, आन् बायांच्या गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा रिफाम्पिसिनपुढं टिकत नाहीत. माझ्यासोबत लाइनीत एक नवीन लग्न झालेली पोरगी होती, तिला ताईंनी बाजूला नेऊन हेच सांगितलं की गोळीवर भरवसा ठेवू नको, दुसरं साधन वापर. हे दर वेळी कुणी सांगेलच असं नाही, तेव्हा आधीपासून जे काय खाता त्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ओता. नावं सांगत बसू नका, ओताच. माझं ग्लिमेपिराइड आधी २ केलं, मग ४.

आन् आता लिव्हर.

दुसरा महिना लागला असंल. एक दिवस चहा नको वाटला. मी दिवसाला पाच-सहा कप चहा पिणारा माणूस, पण चहाचं भांडं चुलीवर चढलं की उमासे. मग अन्नावरची वासनाच उडाली. पहिल्या पंधरवड्यातली मळमळ सकाळी गोळीनंतर यायची आन् दहा-अकराला जायची, ही दिवसभर. दुकानातला कीटकनाशकांचा वास नाकाला इतका सवयीचा की एरवी कळतसुद्धा नाही, त्या दिवसांत शटर वर केलं की आत जाववत नव्हतं. अंगात त्राण नाही, उजव्या कुशीत जड जड. गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेलो तर ते म्हणले, उपाशीपोटी गोळ्या, ॲसिडिटीच होणार, आन् एक इंजेक्शन टोचून बाटली हातात दिली. दोन दिवसांनी रात्री लघवीला उठलो तर ती गडद, काळपट पिवळी. आधी सांगितलं नं, गोळीचा रंग संध्याकाळपर्यंत फिका पडतो. रात्री दोन वाजता गडद असायचं काही कारणच नाही. त्या लाल रंगाच्या आड कावीळ लपली होती म्हणा ना. उजाडल्यावर बायकोनं मला अंगणात उन्हाला नेऊन डोळ्याची पापणी खाली ओढली आन् काहीच बोलली नाही, सरळ सुपरवायझरला फोन लावला.

त्यानं फोनवर तीनच गोष्टी विचारल्या. जेवण जातंय का, उलटी झाली का, डोळे पिवळे दिसतात का. आन् म्हणला, "भाऊ, आजची गोळी घेऊ नका, जसे आहात तसे या." लिव्हरचं रक्त काढलं. एसजीपीटी (लिव्हरला मार बसला की रक्तात वाढतं ते) ४००च्या वर, जे साधारण ४०च्या आत पाहिजे, बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, चारच्या घरात. नियम असा सांगितला की त्रास होत असंल आन् एसजीपीटी तिप्पट झालं, किंवा काहीच त्रास नसताना पाचपट झालं, तर लिव्हरवर जाणारी औषधं थांबवायची. चारातली तीन लिव्हरवर जातात, एकटं इथॅम्ब्युटॉल तेवढं नाही. माझी सगळीच थांबवली. साखरेच्या गोळ्यापण बंद करून तेवढ्यापुरतं इन्सुलिन. काविळीचं दुसरं कारण नाही ना म्हणून बी आन् सी हिपॅटायटिसचं रक्तही तपासलं, ते निरंक आलं.

घरी आलो तर मायनं बेत ठरवून ठेवलेला. जवळच्याच एका गावात काविळीचा झाडपाला देणारा माणूस आहे, डोक्यावर माळ ठेवतो, ती माळ पायापर्यंत वाढत जाते, सगळी कावीळ उतरते. "तुझा बाप तिथंच बरा झालता," म्हणाली. मी म्हणलं माय, बाची कावीळ पाण्यातून आलती, ती आपली आपण जाते, तिला माळ घाला की नका घालू. माझी औषधानं आलीय, ते औषध थांबवलंय हाच उतारा, आता वरून कुठला पाला त्या लिव्हरवर टाकू. ती रुसली. शेवटी माळ ठेवायची पण पोटात काही घ्यायचं नाही यावर आमचं मिटलं. माळ खरंच पायापर्यंत गेली, एसजीपीटीनं मात्र आपल्या चालीनं उतरायला आठवडे घेतले.

त्या मधल्या दिवसांत सगळ्यात मोठी धाकधूक टीबीचीच. गोळ्या बंद म्हणजे छातीत परत पाणी भरणार का? संध्याकाळ झाली की थर्मामीटर काखेत. मॅडम म्हणल्या की आजार गंभीर असता तर लिव्हरला न लागणारी दुसरी औषधं जोडून दिली असती, तुमचं पाणी जवळपास आटलंय, थोडं थांबता येतं. थांबलो. भूक परत आली ती अशी अचानक की एका सकाळी शेजारणीकडं ज्वारीची भाकरी भाजल्याचा वास आला आन् मी उठून तिच्या दारात उभा.

एसजीपीटी दुपटीच्या खाली आल्यावर परत सुरुवात, पण आता चार-औषधी गोळी नाही, सुट्ट्या गोळ्या. त्या आमच्या केंद्रावर नव्हत्या, जिल्ह्यावरून मागवल्या, त्यात आणखी दिवस गेले. पहिल्यांदा रिफाम्पिसिन आन् इथॅम्ब्युटॉल. रिफाम्पिसिन आधी कामून, तर सगळ्यात कामाचं तेच, आन् तिघात लिव्हरला कमी लागणारंही तेच. एकटं मात्र देत नाहीत, एकट्या औषधाला टीबीचे जंतू लवकर सरावतात, म्हणून इथॅम्ब्युटॉलची सोबत. काही दिवस बघितलं, रक्त काढलं, ठीक. मग आयसोनियाझिड जोडलं, परत काही दिवस, परत रक्त, ठीक. त्या रिपोर्टची वाट बघताना माणूस किती वेळा आरशात पापणी ओढतो त्याला गणती नाही. पायराझिनामाइड मग दिलंच नाही. बाकी दोन सोसली म्हणजे गुन्हेगार तेच असणार, परत घालून बघायची जोखीम नको, असं मॅडमचं मत पडलं, आन् किलोमागं २९ मिलीग्रॅमचा माझा हिशोब आठवून, म्हणजे डोस वरच्या टोकालाच होता, मला ते पटलं. पण पायराझिनामाइड नाही म्हणजे सहा महिन्यांचा कोर्स नऊवर गेला. वाईट वाटलं, पण सांधे दुखायचेही थांबले.

पुढचे महिने बिनबोभाट गेले. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, सकाळी गोळ्या, चौकोन बघायचे, महिन्याला रक्त. वजन वाढलं. साखरेच्या गोळ्या परत चालू झाल्या, ग्लिमेपिराइड ४ वरच. कोर्स संपला, एक्सरे साफ, फक्त उजवीकडं खाली फुप्फुसावरचा पडदा जरासा जाड राहिलाय, तो राहतो म्हणे.

गोळ्या संपल्या म्हणजे औषधांचा खेळ संपला असं मात्र नाही, आन् हे मला कुठंच लिहिलेलं सापडलं नाही म्हणून मुद्दाम लिहितो. रिफाम्पिसिन थांबल्यावर लिव्हरमधली ती वाढीव फौज साधारण दोन आठवड्यांत ओसरते. पण साखरेची गोळी तर त्या फौजेच्या हिशोबानं चौपट केलेली! आता ती फोडायला कुणी नाही. कोर्स संपून दहा-बारा दिवस झाले असतील, सोयाबीनचं बियाणं मोजून देत होतो, दुपारचं जेवण लांबलेलं, हात थरथरायला लागले, मानेवरून घाम. ग्लुकोमीटर दुकानातच ठेवत होतो, बघितलं तर ५८. समोरच्या हॉटेलातून तीन चमचे साखर पाण्यात घोळून प्यालो, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, मग जेवलो. त्याच संध्याकाळी मॅडमना फोन केला. ग्लिमेपिराइड ४ वरून २, पुढच्या आठवड्यात १. तुम्हाला साखर असंल आन् टीबीचा कोर्स संपत आला असंल तर शेवटच्या गोळीच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा की साखरेची गोळी कधी आन् किती उतरवायची. वॉरफरिनवाल्यांनी तर नक्कीच, त्यांचा डोसही असाच चढवलेला असतो.